एका ढेकणाची चार नावं आणि हुकलेली पाच वर्षं : हॅलिओमॉर्फा हॅलिसचं प्रकरण

१९९६ च्या आसपासची गोष्ट. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात ॲलनटाउन नावाचं शहर आहे. तिथे थंडी पडायच्या आधी लोकांच्या घरात तपकिरी रंगाचे, ढालीसारखे दिसणारे ढेकूण घुसायला लागले. खिडकीच्या फटीत, पोटमाळ्यावर, पडद्याच्या चुण्यांमध्ये. चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, फक्त चिरडले की घाण वास मारतात. काही लोकांनी ते डबीत भरून तपासायला दिले, बघणाऱ्यांनी बघितले, आणि हा तर आपल्याकडचाच नेहमीचा स्टिंक बग म्हणून विषय संपला. हे एकदा नाही झालं, पाच वर्षं असंच चाललं. २००१ मध्ये नमुने कॉर्नेल विद्यापीठातले कीटकतज्ज्ञ रिचर्ड होबेके यांच्यापर्यंत पोचले आणि तेव्हा कळलं की हा इथला नाहीच, हा पूर्व आशियातला हॅलिओमॉर्फा हॅलिस आहे. त्याची रीतसर नोंद छापून यायला २००३ उजाडलं. तोपर्यंत पेनसिल्व्हेनियात आणि शेजारच्या न्यू जर्सीत त्याने मस्त बस्तान बसवलं होतं.

या ढेकणाबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक नुकसानीबद्दल असतं, किती सफरचंदं गेली, किती डॉलर बुडाले वगैरे. ते येईलच पुढे. पण मला या प्रकरणात खरी गंमत वाटते ती नावाची. कारण या किड्याचा जगाचा नकाशा जो काही आहे तो नावाच्या भानगडीवर उभा आहे, नाव चुकलं की नकाशा चुकतो, आणि नकाशा चुकला की तो पुढे कुठे जगू शकेल याचा अंदाजही चुकतो. वर्गीकरण म्हणजे म्युझियमच्या कपाटातला कंटाळवाणा उद्योग असं ज्यांना वाटतं त्यांनी हे एक प्रकरण तरी नीट बघावं.

आधी ढेकूण या शब्दाचं बघू. ढेकूण म्हटलं की आपल्याला गादीतला, रक्त पिणारा आठवतो, पण तो एका मोठ्या खानदानाचा एक सदस्य फक्त. हेमिप्टेरा नावाचा गण आहे, सगळे सोंडेने रस शोषणारे, मावा, तुडतुडे, पिठ्या ढेकूण, पांढरी माशी हे सगळे त्यातलेच. त्यातला हेटेरोप्टेरा हा उपगण म्हणजे खरेखुरे ढेकूण, ज्यांचा पुढचा पंख अर्धा जाड कातड्यासारखा आणि अर्धा पातळ पडद्यासारखा असतो (गादीतल्याने पंख टाकून दिलेत, तो अपवाद). हेटेरोप्टेरात पेंटाटोमिडी हे कुळ, म्हणजे स्टिंक बग मंडळी, पाठीवर मोठा त्रिकोण आणि अंगात वासाच्या ग्रंथी. हजारो जाती आहेत या एका कुळात. त्यात पेंटाटोमिनी हे उपकुळ, त्यात कॅपिआयनी नावाची ट्राइब (उपकुळाच्या खालची पायरी), त्यात हॅलिओमॉर्फा हा जीनस (जवळच्या जातींचा गट) आणि मग हॅलिस ही जाती. एक सांगून ठेवतो, मी इथे प्रजाती हा शब्द मुद्दाम टाळतोय कारण मराठी पुस्तकांत प्रजाती म्हणजे जीनस आणि बोलण्यात प्रजाती म्हणजे स्पीशीज, आणि नावांच्या घोळावर लिहिताना आणखी एक घोळ नको.

हॅलिओमॉर्फा म्हणजे हॅलिससारख्या आकाराचा. हॅलिस नावाचा वेगळा जीनस आहे, झाडाच्या सालीसारखे दिसणारे मोठे ढेकूण असतात त्यात, आणि त्यांची ट्राइबसुद्धा वेगळी, हॅलिआयनी. म्हणजे नावात दोनदा हॅलिस आणि जवळचं नातं काही नाही. १८५५ मध्ये स्वीडनच्या कार्ल स्टोल यांनी या ढेकणाचं पहिलं वर्णन छापलं तेव्हा त्याला पेंटाटोमा हॅलिस म्हटलं होतं. स्टोल तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचे होते हे मला नेहमी भारी वाटतं. त्या काळात पेंटाटोमा म्हणजे मोठं गोदाम होतं, ढालीसारखं काहीही दिसलं की टाक त्यात. पुढे १८६४ मध्ये ऑस्ट्रियाच्या गुस्ताव्ह मायर यांनी हॅलिओमॉर्फा हा जीनस वेगळा काढला आणि नंतर ही जाती त्यात गेली. म्हणून आज नाव लिहिताना हॅलिओमॉर्फा हॅलिस (स्टोल, १८५५) असं कंसात लिहितात. तो कंस शोभेचा नाही, कंस असला की समजायचं ज्याने बारसं केलं त्याने दुसऱ्या जीनसमध्ये केलं होतं, नंतर घर बदललं. कंस नसेल तर पहिल्यापासून त्याच घरात.

आता खरी भानगड. १८६० मध्ये अमेरिकेचे फिलिप उह्लर यांनी जपानहून आलेल्या नमुन्यांवरून पोइसिलोमेटिस मिस्टस नावाची जाती लिहिली. १८६७ मध्ये ब्रिटिश म्युझियमसाठी कॅटलॉग करणारे फ्रान्सिस वॉकर यांनी डाल्पाडा ब्रेव्हिस आणि डाल्पाडा रिमोटा अशा दोन जाती लिहिल्या. वॉकर यांची कीटकशास्त्रात ख्यातीच अशी आहे की त्यांनी एकाच किड्याला अनेक नावं देऊन ठेवली आणि पुढच्या पिढ्या ती निस्तरत बसल्या. तर हॅलिस, मिस्टस, ब्रेव्हिस, रिमोटा, चार नावं, आणि नंतर कळलं की चारही एकाच ढेकणाची. पण कळायला शंभराहून जास्त वर्षं गेली! मधल्या काळात जपानी, चिनी, कोरियन शेतीच्या लेखांमध्ये हा कुठे हॅलिओमॉर्फा मिस्टा (मिस्टसचंच बदललेलं रूप) म्हणून यायचा, कुठे ब्रेव्हिस, आणि कुठे चक्क हॅलिओमॉर्फा पिकस.

पिकसचं प्रकरण जरा वेगळं आहे म्हणून थांबून बघू. पिकसला नाव दिलं डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी १७९४ मध्ये, म्हणजे हॅलिसच्याही एकसष्ट वर्षं आधी. प्राणिशास्त्राचा नियम असा की दोन नावं एकाच जातीची निघाली तर जुनं नाव टिकतं, नवं बाद. म्हणजे पिकस आणि हॅलिस एकच असते तर आज आपण हॅलिस हे नाव घेतलंच नसतं, सगळीकडे पिकस असतं. आणि नुसतं नाव बदललं नसतं. पिकस हा भारत आणि दक्षिणेकडच्या उष्ण मुलखाचा ढेकूण आहे. दोघांना एकच धरलं तर मूळ प्रदेशाचा नकाशा थेट भारतापासून जपानपर्यंत पसरतो, आणि मग वाटतं की अरे हा तर उष्ण कटिबंधात पण राहतो आणि बर्फात पण, हा कुठेही जगेल. वेगळे धरले की हॅलिसचा नकाशा आक्रसून चीन, कोरिया, जपान आणि तैवानवर येतो, म्हणजे थंडी असलेला पूर्व आशिया. एका नावाच्या निर्णयावर एवढं अवलंबून.

हा निर्णय झाला १९७८ मध्ये. बल्गेरियाचे योसिफोव्ह आणि रशियाचे केर्झनर हे दोघे उत्तर कोरियातल्या ढेकणांवर काम करत होते, आणि त्यांनी मांडलं की पूर्व चीन, कोरिया, जपान या पट्ट्यात हॅलिओमॉर्फाची एकच जाती आहे आणि ती हॅलिस. मिस्टा, ब्रेव्हिस, रिमोटा सगळी समानार्थी नावं म्हणून हॅलिसच्या खाली, आणि त्या भागातल्या लेखांत जिथे जिथे पिकस लिहिलंय तिथे तो खरा पिकस नाहीच. आज आपण जे नाव बिनधास्त वापरतो ते या एका कामामुळे.

कोणी म्हणेल की नाव काहीही ठेवा, किडा तोच ना. पण बघा, समजा तुम्ही २००१ मध्ये कॉर्नेलमध्ये बसलाय, समोर ॲलनटाउनचा ढेकूण आहे, तुम्हाला कळलं हा हॅलिस आहे, आता तुम्हाला बघायचंय की हा कशावर जगतो आणि किती उपद्रवी आहे. नुसतं हॅलिस नावाने शोधलं तर आशियातलं सगळं साहित्य हाताला लागणारच नाही, कारण फळबागेतलं नुकसान आणि झाडांची यादी यातलं पुष्कळसं मिस्टा आणि पिकस या नावांखाली छापलेलं. समानार्थी नावांची यादी म्हणजे त्या जुन्या माहितीची किल्ली आहे. जपानमध्ये याला कुसागी कामेमुशी म्हणतात, कामेमुशी म्हणजे कासवकिडा, तिथे फळबागायतदारांना हा आधीपासून माहीत होता. सीडर आणि सायप्रसच्या लावलेल्या जंगलांत शंकूंमधल्या बियांवर हे आणि याच्यासारखे ढेकूण पोसले जातात आणि मग फळबागांवर उतरतात, हेही तिथे माहीत होतं. ही सगळी माहिती जगात होती, फक्त दुसऱ्या पाटीखाली.

ॲलनटाउनला नेमकं काय चुकलं ते बघायचं तर किडा जवळून बघावा लागेल. प्रौढ ढेकूण साधारण १२ ते १७ मिलिमीटर लांब, वरून तपकिरी करडा आणि त्यावर संगमरवरासारखे ठिपके, ब्राऊन मार्मोरेटेड स्टिंक बग या इंग्रजी नावात मार्मोरेटेड आहे ते त्यावरूनच. उत्तर अमेरिकेत याच्यासारखे दिसणारे देशी ढेकूण पुष्कळ. एक युशिस्टस सर्व्हस, त्याला तिकडे सरळ ब्राऊन स्टिंक बगच म्हणतात. दुसरे ब्रोकिमेना जीनसचे, सालीसारखे खडबडीत, आणि तेही थंडीत घरात शिरतात, त्यामुळे घरात शिरला म्हणजे ब्रोकिमेना असं डोक्यात बसलेलं. आता ब्रोकिमेनाच्या खांद्याची कड बघितली तर तिला करवतीसारखे दाते असतात, हॅलिसची कड गुळगुळीत. युशिस्टसच्या मिशांवर पांढरे पट्टे नसतात, हॅलिसच्या मिशांच्या शेवटच्या दोन भागांवर ते ठळक दिसतात. शिवाय पोटाची कड पंखाच्या बाहेर डोकावते तिथे काळे-पांढरे चौकोन एकाआड एक. एवढंच. भिंग घेऊन दोन मिनिटं बघितलं तर कळणारी गोष्ट, पण दोन मिनिटं तरी कोण कशाला बघेल जर डोक्यात उत्तर आधीच तयार असेल? मी बघणाऱ्यांना दोष देत नाही, हातातल्या किल्ल्यांमध्ये म्हणजे ओळखतक्त्यांमध्ये फक्त देशी जाती असतील तर उत्तर देशीच येणार. तक्ता कधी म्हणत नाही की मला माहीत नाही. त्याला दोन पर्याय असतात, त्यातला जवळचा तो देतो.

युरोपात हाच खेळ दुसऱ्या भिडूबरोबर झाला. तिथे राफिगास्टर नेब्युलोसा नावाचा देशी ढेकूण आहे, रंग तसाच, आकार तसाच, थंडीत घरात शिरायची खोडही तीच. तो ओळखायचा तर उलटा करावा लागतो, त्याच्या पोटाखालून पायांच्या मधे पुढे आलेला एक लांब काटा असतो, हॅलिसला तो नसतो. आणि पंखाच्या पडद्यावर राफिगास्टरला काळे ठिपके, हॅलिसला रेघा. वरून काढलेल्या फोटोत काटा दिसत नाही, म्हणून फोटो पाठवून ओळख विचारणाऱ्यांची तिथे हमखास गफलत होते.

हा राहतो कसा त्यावरून हा कुठे पोचतो ते कळतं, म्हणून थोडं त्याबद्दल. मादी पानाच्या खालच्या बाजूला अंड्यांचा पुंजका घालते, बहुतेक वेळा बरोबर २८ अंडी. बाहेर पडलेली पिल्लं लगेच पांगत नाहीत, रिकाम्या अंड्यांभोवतीच घोटाळत राहतात, कारण आईने अंड्यांवर एका जिवाणूचा लेप दिलेला असतो, पँटोइया कार्बेकी त्याचं नाव, आणि तो पोटात गेल्याशिवाय पिल्लांची वाढ धड होत नाही. पाच वेळा कात टाकून प्रौढ. अंड्यापासून प्रौढ व्हायला साधारण ५३८ डिग्री-डे (म्हणजे वाढीच्या किमान तापमानाच्या वरच्या अंशांची रोजची बेरीज) उष्णता लागते, आणि साधारण १४ अंश सेल्सिअसच्या खाली वाढ थांबते. खाण्याच्या बाबतीत म्हणाल तर काहीही, सफरचंद, नासपती, पीच, सोयाबीन, मका, टोमॅटो, द्राक्षं, हेझलनट, रस्त्याकडेची शोभेची झाडं, शंभराच्या वर वनस्पतींची यादी आहे. सोंड फळात खुपसतो, लाळ सोडतो, रस ओढतो, आणि फळात आत बुचासारखा कोरडा डाग राहतो जो बाहेरून बरेचदा दिसतही नाही.

पण पसरण्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची सवय शरद ऋतूतली. दिवस लहान व्हायला लागले की प्रौढ ढेकूण प्रजनन बंद करतात आणि कोरडी, अंधारी, अरुंद फट शोधतात. जंगलात उभ्या वाळलेल्या झाडाच्या सालीखाली, आणि माणसाच्या जगात घराच्या भिंतीत, लाकडी खोक्यात, गाडीच्या दाराच्या रबराखाली, कंटेनरमध्ये. एकटे नाही, घोळक्याने. अमेरिकेत मेरीलँडमधल्या एका संशोधकाने २०११ च्या पहिल्या सहा महिन्यांत आपल्या राहत्या घरातून वेचलेले ढेकूण मोजले, आकडा आला २६,२०५. आता असा घोळका निर्यातीच्या कंटेनरमध्ये बसला तर काय होतं ते सांगायला नको. खाणं नाही, पाणी नाही, हालचाल नाही, तीन-चार आठवड्यांचा समुद्रप्रवास त्यांच्यासाठी म्हणजे फक्त झोप. उतरल्यावर वसंत असला की जाग येते.

अमेरिकेतला पुढचा प्रवास पटकन सांगतो. २००४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर ओरेगॉनच्या पोर्टलंडमध्ये सापडला, मधली सगळी राज्यं ओलांडून, म्हणजे उडत नाही गेला, कोणाच्या तरी सामानातून गेला. बरीच वर्षं तो फक्त घरात घुसणारी कटकट होता, शेतकऱ्यांनी फार मनावर घेतलं नाही. मग २०१० चा हंगाम आला आणि पूर्वेकडच्या मध्य अटलांटिक राज्यांत नुसत्या सफरचंदांचं ३ कोटी ७० लाख डॉलरचं नुकसान झालं. आज चाळीसपेक्षा जास्त राज्यांत त्याची नोंद आहे आणि कॅनडातही. १९९६ ते २०१०, चौदा वर्षं. यातली पहिली पाच नावाअभावी गेली. ती गेली नसती तर हा थांबला असता का? मला नाही वाटत थांबला असता, पण तो शेतात उतरेपर्यंत जपानी अनुभव वाचायला पाच वर्षं जास्त मिळाली असती हे नक्की.

युरोपातली पहिली जाहीर नोंद स्वित्झर्लंडमधल्या झुरिकची, २००७ ची. नंतर जुने नमुने आणि फोटो चाळले तेव्हा २००४ च्या सुमाराच्या खुणा सापडल्या, लिक्टेनस्टाइनमध्येसुद्धा. मी नेहमी म्हणतो की वितरणाच्या नकाशावरचा पहिला ठिपका म्हणजे किडा आला तो दिवस नसतो, तो कोणीतरी नीट बघितलं तो दिवस असतो. झुरिकमध्ये एक चिनी पद्धतीची बाग आहे, तिच्या छताच्या दुरुस्तीसाठी बीजिंगहून कौलं आणली होती आणि त्या कौलांबरोबर हा आला असावा असा एक अंदाज मांडला गेलाय, अंदाजच आहे पण फटीत लपणाऱ्या किड्यासाठी रचलेली कौलं म्हणजे तयार घरच की. इटलीत २०१२ मध्ये एमिलिया-रोमान्या भागात, मोडेनाजवळ, आणि ती म्हणजे नासपतीची मोठी पट्टी. तिथे २०१९ मध्ये उत्तर इटलीच्या फळबागांचं मिळून जवळपास ६० कोटी युरोचं नुकसान धरलं गेलं. काळ्या समुद्राच्या काठी २०१४ मध्ये सोची, मग अबखाझिया आणि जॉर्जिया, जिथे हेझलनट म्हणजे गावच्या गाव जगवणारं पीक, आणि २०१६-१७ ला ते आडवं झालं. दक्षिण गोलार्धात २०१७ मध्ये चिलीची राजधानी सांतियागो.

इथे कोणी विचारेल की हा सगळा एकाच घोळक्याचा पसारा आहे का. हे सांगायला नाव पुरत नाही, त्यासाठी मायटोकाँड्रियाचा डीएनए लागतो. तो फक्त आईकडून येतो त्यामुळे माग काढायला सोपा. २०१४ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या ढेकणांमध्ये विविधता अगदीच कमी निघाली आणि धागा जुळला बीजिंगच्या परिसराशी, म्हणजे ॲलनटाउनची वसाहत थोड्याशाच ढेकणांपासून सुरू झालेली. पश्चिम किनाऱ्यावर मात्र वेगळे प्रकारही सापडले, म्हणजे तिकडे वेगळी आवकही झालेली. युरोपात तर चित्र आणखी मिसळलेलं, स्वित्झर्लंडचे वेगळे, ग्रीसचे वेगळे, इटलीत वेगवेगळ्या भागांत वेगवेगळे, एकदा नाही अनेकदा येऊन उतरलेत, कधी थेट मूळ मुलखातून तर कधी आधी वसलेल्या नव्या मुलखातून. त्यामुळे नकाशावर बाण काढताना चीनपासून एक मोठा जाड बाण काढला की झालं असं नाही, तिथे बाणांचं जाळं आहे. मला स्वतःला हा भाग सगळ्यात भारी वाटतो, कारण इथे वर्गीकरण जातीच्या खाली उतरतं. जातीचं नाव एकच, पण कोणत्या गावचा ते रक्तात लिहिलेलं.

आणि आता परत पिकसकडे, कारण नकाशाचा निकाल तिथेच लागतो. हवामानावरून अंदाज बांधणारी मॉडेल्स असतात, त्यांना खाऊ घालायचं मूळ प्रदेशातल्या ठिकाणांची यादी. मॉडेल बिचारं आंधळं असतं, तुम्ही द्याल ते ठिपके खरे मानून ते म्हणतं की असं हवामान जिथे असेल तिथे हा जगेल. हॅलिसचे शुद्ध ठिपके दिले तर धोक्याचा पट्टा येतो दोन्ही गोलार्धांत साधारण ३० ते ५० अंश अक्षांशांच्या मधे, आणि झुरिक, मोडेना, सोची, सांतियागो सगळे त्यात बसतात. हेच ठिपके देताना जुन्या संग्रहातले पिकसचे नमुने हॅलिस समजून घुसले तर पट्टा विषुववृत्ताकडे ताणला जाईल आणि नको तिथे घबराट. भारतात कोणी तपकिरी ढेकणाचा फोटो टाकून खाली मार्मोरेटेड स्टिंक बग लिहितो तेव्हा म्हणूनच मला जरा धस्स होतं, कारण पिकस आहे, एर्थेसिना फुलो आहे, खुद्द हॅलिस जीनसचे ढेकूण आहेत, तपकिरी ठिपकेदार ढेकणांची इथे रेलचेल आहे, आणि एक चुकीचं लेबल एखाद्या डेटाबेसमध्ये गेलं की ते तिथून निघता निघत नाही. एर्थेसिना तर पिवळ्या ठिपक्यांचा, जरा लक्ष दिलं तर लगेच वेगळा कळतो, तरी त्याचीही गल्लत होते.

दक्षिण गोलार्धातल्या दोन देशांनी मात्र हे सगळं बघून आधीच कंबर कसली. उत्तरेत शरद ऋतूत ढेकूण मालात शिरतो आणि तोच माल दक्षिणेत पोचतो तेव्हा तिथे वसंत-उन्हाळा, म्हणजे झोपेतून उठायला अगदी सोयीचा. म्हणून ऑस्ट्रेलियाने १ सप्टेंबर ते ३० एप्रिल असा धोक्याचा हंगाम ठरवलाय. जिथे हा ढेकूण आहे अशा देशांतून त्या काळात निघालेल्या ठरावीक मालाला आधी प्रक्रिया, एकतर उष्णता (साधारण ५६ अंशावर अर्धा तास) नाहीतर मिथाइल ब्रोमाइड किंवा सल्फ्युरिल फ्लुओराइडची धुरी. न्यूझीलंडने तर फेब्रुवारी २०१८ मध्ये जपानहून गाड्या घेऊन आलेली काही जहाजंच परत लावली, ढेकूण सापडले म्हणून. हजारो गाड्या भरलेलं जहाज दोन-चार ढेकणांपायी माघारी, ऐकायला गंमत वाटते पण ॲलनटाउन नंतर कोणाची हसायची हिंमत नाही.

नावाचा घोळ ढेकणापुरताच होता असं समजू नका, त्याच्या शत्रूचंही तेच झालं. चीनमध्ये या ढेकणाच्या अंड्यांत आपली अंडी घालणारी एक बारीकशी परजीवी गांधीलमाशी मिळाली, मिलिमीटर-दोन मिलिमीटरची, आणि २००९ मध्ये तिला ट्रिसोल्कस हॅलिओमॉर्फी असं नवं नाव मिळालं, जैविक नियंत्रणासाठी तिच्यावर बराच अभ्यासही झाला. मग २०१३ मध्ये कळलं की ही काही नवी जाती नाही, अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ ॲशमीड यांनी १९०४ मध्येच हिचं वर्णन केलंय, नाव ट्रिसोल्कस जापोनिकस. म्हणून आता तेच नाव, आणि बोलीत सामुराई वास्प. अमेरिकेत ती सोडायची का यावर क्वारंटाइनमध्ये बंदिस्त चाचण्या चालू होत्या आणि २०१४ मध्ये मेरीलँडच्या बेल्ट्सव्हिलला ती उघड्यावर सापडली, कोणी न सोडता. तपासलं तर बंदिस्त माशांशी डीएनए जुळेना, म्हणजे प्रयोगशाळेतून निसटलेली नव्हे, ढेकणासारखीच आपली आपण समुद्र ओलांडून आलेली. ही वेगळी ओळखता आली कारण २०१३ मध्ये नाव आणि लक्षणं नीट लावून ठेवलेली होती.

न्यूझीलंडने ऑगस्ट २०१८ मध्ये ही माशी सोडायला सशर्त परवानगी देऊन टाकली, ढेकूण तिथे वसलेला नसताना. अट अशी की तो देशात सापडला तर आणि सापडला तरच सोडायची.